घोलपबाई उठल्या की

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूकडे एक सही मागितली. त्याला ज्ञान नको होते, आशीर्वादही नको होता. एका बाईविरुद्ध पोलिसांत द्यायची तक्रार लिहून तयार होती आणि तिच्याखाली 'तज्ज्ञ' म्हणून कुणा जाणत्या माणसाचे नाव हवे होते. गुरूकडे माणसे काय काय मागायला येतात याचे मला आता नवल वाटत नाही, पण ही हकिकत प्रथम ऐकली तेव्हा मी अस्वस्थ झालो होतो आणि सांगताना आजही होतो.

या गोष्टीतल्या बहुतेकांना मी नावे देणार नाही. गुरू, शिष्य, व्यापारी एवढ्यावर काम भागेल. एकीचे नाव मात्र सांगणार आहे, कारण त्या नावाला डाग लागला आणि तो पुसण्याचा जो एकच प्रयत्न झाला, तो अर्धा दिवस टिकला. त्या मंदाकिनी घोलप. संस्थेत सगळे त्यांना घोलपबाई म्हणत.

ही संस्था कृत्रिम पाय तयार करणारी होती. कुणाचा पाय अपघातात गेलेला, कुणाचा मधुमेहात. अशा माणसांना तिथे पुन्हा उभे केले जाई. वरच्या मजल्यावर मापे घेतली जात आणि खालच्या कार्यशाळेत त्या मापांवरून पाय घडत. घोलपबाई माप घेत, ते आपल्या कॉम्प्युटरवर नोंदवत आणि ती फाइल एका सामाईक यंत्रात जाऊन साठे. त्या यंत्राला तिथे 'कोठार' म्हणत. खालच्या कारागिराने आपल्या कॉम्प्युटरवरून कोठारातली तीच फाइल उघडायची आणि कामाला लागायचे, अशी पद्धत होती.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. कापलेला पाय पहिले वर्षभर आकसत जातो. सूज उतरते, मांस झिजते. तीन महिन्यांपूर्वी घेतलेले माप आज उपयोगाचे राहत नाही. त्यावरून केलेला पाय सैल बसतो, घासतो आणि जखम करतो. म्हणून घोलपबाई प्रत्येक भेटीत नव्याने माप घेत. कालच तर घेतले होते, असे कुणी म्हणालेच, तर शिळे माप नको म्हणून फीत पुन्हा हातात घेत. एकोणीस वर्षे त्या हेच करत होत्या.

संस्थेचे अध्यक्ष एक व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता. संस्थेसाठी धावपळ करायचा, मोठ्या लोकांना आणून कार्यशाळा दाखवायचा. फक्त त्याला सगळे झटपट लागे, निर्णय झटपट आणि दोषीही झटपट. आणि शिष्य हा संस्थेच्या कॉम्प्युटरांची देखभाल करणारा, पस्तिशीचा, हुशार अभियंता. तंत्रनिकेतनात तो ज्या शिक्षकांकडे शिकला, तेच या गोष्टीतले गुरू. आता ते निवृत्त होते. संस्थेत कॉम्प्युटर प्रथम आले तेव्हा ते दोनच होते, आणि त्या दोघांना जोडणारी पहिली तार याच गुरूंनी स्वतःच्या हाताने टाकली होती.

पुढे कॉम्प्युटर बारा झाले आणि त्यांच्यावरची कार्यप्रणाली जुनी झाली. ती तयार करणाऱ्यांनीच तिची काळजी घेणे थांबवले, तेव्हा बदलणे भाग होते. शिष्याने एका रविवारी एकट्याने बसून अकरा यंत्रांवर नवी प्रणाली चढवली. बारावे यंत्र घोलपबाईंचे. ते इतके जुने होते की त्याला नवी प्रणाली पेलवली नसती. शिवाय बाईंनी आधीच, सगळ्यांच्या देखत, सांगितले होते की माझे चालते आहे, त्याला हात लावू नका. हे वाक्य पुढे त्यांच्या अंगाशी आले.

सोमवारपासून त्रास सुरू झाला. कोठारातली फाइल सकाळी उघडे आणि अकराच्या सुमारास अचानक सापडेनाशी होई. पडद्यावर नुसते एवढेच येई, की हे ठिकाण मिळत नाही. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा उघडे. दुपारी पुन्हा तेच. पूर्ण बंद पडावे तर तेही नाही. शिष्याने तारा बदलल्या, जोडणीची पेटी बदलली, सगळ्यांना नवे पासवर्ड दिले, परवानग्या पुसून नव्याने लिहिल्या. प्रत्येक उपायानंतर पंधरा-वीस मिनिटांनी फाइल उघडायची, आणि त्याला वाटायचे की जमले. तो तसे कळवून मोकळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता खालून पुन्हा हाक यायची.

दोन आठवडे असेच गेले. लोकांनी आपापले मार्ग काढले. कुणी फाइली उघडल्या की त्यांची प्रत आपल्याकडे ठेवून घेऊ लागला. खालचा कारागीर मापे एकदा छापून खिळ्याला अडकवून ठेवू लागला. त्याचेही चुकले असे म्हणवत नाही. समोर माणूस कुबड्यांवर ताटकळत उभा असताना पडद्याकडे किती वेळ बघत बसणार?

त्या खिळ्यावरच्या कागदांत एका वायरमनचे माप होते. खांबावरून पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. छापलेले माप जुने होते. घोलपबाईंनी नवे घेतले होते, नोंदवलेही होते, पण त्या दिवशी फाइल उघडत नव्हती. पाय जुन्या मापाने झाला. तो वायरमन मुकाट्याने सहा दिवस त्या पायावर चालला. इतक्या माणसांनी आपल्यासाठी कष्ट घेतले, मग दुखते कसे म्हणायचे, असे त्याला वाटले. सातव्या दिवशी पाय काढला तेव्हा आतले फडके चिकटून आले. जखम भरेपर्यंत काही लावायचे नाही, पुन्हा कुबड्या, असे डॉक्टरांनी सांगितले.

व्यापारी संतापला, आणि त्याचा संताप रास्त होता. त्याने शिष्याला बोलावून विचारले की हे कुणामुळे झाले. लक्षात घ्या, कशामुळे असे त्याने विचारले नाही. आणि शिष्याकडे उत्तर तयार होते.

तो हुशार होता हे मी सांगितलेच. त्याने एक वही ठेवली होती. फाइली कधी गेल्या आणि कधी परत आल्या याच्या त्यात वेळा होत्या, अगदी काटेकोर. मग त्याने व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण काढून पाहिले आणि त्याला दिसले की या वेळा एका माणसाच्या हालचालीशी जुळतात. घोलपबाई चहाला उठल्या की फाइली जातात. त्या जागेवर येऊन बसल्या की फाइली येतात. जेवणाच्या सुट्टीत तेच, संध्याकाळी त्या घरी गेल्या की तेच. ज्या बुधवारी त्यांची रजा होती, त्या दिवशी सबंध दिवस काही उघडले नव्हते. आणि सगळ्यांचे अडले तरी त्यांच्या एकटीच्या यंत्रावर फाइली नेहमी दिसत. फक्त एक गोष्ट खटकत होती. त्या उठल्या की लगेच काही होत नसे. फाइली जात त्या दहा मिनिटांनी. शिष्याने त्याचाही अर्थ लावला. संशय येऊ नये म्हणून ही बाई थोडा वेळ जाऊ देते. एकदा एखाद्या माणसावर संशय बसला की त्याच्या विरुद्ध न जाणारी गोष्टही आपण ओढून त्याच्या विरुद्ध नेतो, आणि त्याला पुरावा म्हणतो.

बाईंना बोलावले. तुम्ही उठलात की फाइली का जातात, असे विचारले. त्या म्हणाल्या, मला ठाऊक नाही. तुमच्या एकटीच्या यंत्रावर कशा दिसतात? त्या म्हणाल्या, माझं जुनं आहे. उठताना दर वेळी यंत्र बंद का करता? त्या म्हणाल्या, तशी सवय आहे. ही तिन्ही उत्तरे शब्दशः खरी होती. त्या खोलीत ती उर्मट वाटली.

त्यांना घरी बसवण्यात आले. सूचना फलकावर त्यांच्या नावाने कागद लागला, की संस्थेच्या नोंदींत हेतुपुरस्सर अडथळा आणल्याच्या संशयावरून चौकशी होईपर्यंत त्यांनी कामावर येऊ नये. तो कागद जिन्याच्या पायथ्याशी होता. येणाराजाणारा, माप द्यायला आलेला, पाय घेऊन चाललेला, प्रत्येक जण तो वाचत होता. एकोणीस वर्षे त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्लेल्यांपैकी एकही माणूस बोलायला पुढे आला नाही. बोलले ते एवढेच, की आम्हाला वाटलं नव्हतं हो. त्यांचे यंत्र उचलून भंगाराच्या खोलीत टाकण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याच कॉम्प्युटरवर कोठार उघडले नाही. दुपारी नाही, संध्याकाळीही नाही. आता तरी कुणाला शंका यावी! पण सगळ्यांचे एकमत झाले की जाताना बाई काहीतरी करून गेल्या. म्हणून तक्रार लिहिली गेली, आणि शिष्य सही मागायला गुरूंकडे आला.

गुरूंनी तक्रार शांतपणे वाचली. वही चाळली. तिच्यातल्या वेळांवरून बोट फिरवत ते मध्येच थांबले आणि त्यांनी विचारले, "या उठताना नेमकं काय करायच्या?"

"मशीन बंद करायच्या, सर. दर वेळी. पाणी प्यायला उठल्या तरी."

गुरूंचा चेहरा उतरला. सही तिथे येऊन करतो, असे त्यांनी सांगितले आणि ते यंत्र भंगारवाल्याच्या हाती जाऊ देऊ नकोस, असे दोनदा बजावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संस्थेत आले. शिष्याला वाटले होते की ते आधी कोठार उघडून बघतील, तारा तपासतील. गुरूंनी त्यातले काहीच केले नाही. त्यांनी घोलपबाईंचे यंत्र वर आणवले आणि आपल्या रुमालाने पुसले. ते जिथे होते तिथेच, त्याच तारेला जोडले. पुसताना त्यांचा हात यंत्राच्या बाजूला चिकटवलेल्या एका पिवळ्या पडलेल्या कागदावर थबकला. मग त्यांनी यंत्र चालू केले, बाईंच्या खुर्चीत बसले, पिशवीतून वर्तमानपत्र काढले आणि वाचू लागले.

पाच-सात मिनिटांत खालून कुणीतरी सांगत आले की फाइली उघडल्या. गुरूंनी मान हलवली आणि पान उलटले. अकरा वाजता ते उठले, यंत्र बंद केले आणि चहाला गेले. चहा संपायच्या आत फाइली गेल्या. ते परत येऊन बसले, यंत्र चालू केले, फाइली आल्या. एक वाजता ते उठले, यंत्र बंद केले आणि व्हरांड्यात बसून घरून आणलेला डबा खाल्ला. खाली पुन्हा आरडाओरडा झाला.

शिष्य गोंधळून नुसता बघत होता. वही त्याच्या हातात होती आणि तीत आज गुरूंच्या नावाने त्याच वेळा उमटत होत्या. व्यापाऱ्याचा मात्र धीर सुटला. तो वर आला आणि म्हणाला, "तुम्ही तपासून सही करणार होतात. तुम्ही सकाळपासून पेपर वाचत बसलाय."

"मी घोलपबाई झालोय," गुरू म्हणाले. "बघा, माझ्या हातून काही गुन्हा घडतो का."

मग ते खुर्चीतून बाजूला झाले. त्यांनी व्यापाऱ्याला तिथे बसायला सांगितले, आणि यंत्र चालू करवून घेतले. फाइली आल्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी त्याला यंत्र बंद करून उठायची विनंती केली. व्यापाऱ्याने बटण दाबले. तिघे उभ्याने वाट बघत राहिले. दहा मिनिटांनी खालून निरोप आला की फाइली गेल्या.

गुरूंनी तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला, पेन उघडले आणि विचारले, "नाव बदलून तुमचं घालू का इथे?"

मग गुरू शिष्याकडे वळले.

"इथल्या प्रत्येक यंत्राला कोठाराचं नाव माहीत आहे. पण नुसतं नाव माहीत असून भागत नाही, ते कुठे आहे हेही लागतं. तुझ्या अकरा यंत्रांत तो पत्ता मी पूर्वी हाताने लिहून ठेवला होता. तू नवी प्रणाली चढवलीस तेव्हा तो पुसला गेला. त्यात तुझा दोष नाही, तो तिथे आहे हेच तुला ठाऊक नव्हतं. मग ती अकरा यंत्रं तारेवर विचारत सुटली, कोठार कुठे आहे? सांगणारं एकच यंत्र होतं, बाईंचं. अगदी पहिल्या वर्षी मी ते काम त्याला लावून दिलं होतं आणि पुढे काढायचं राहून गेलं. सांगितलेला पत्ता बाकीच्यांच्या लक्षात दहा मिनिटं राहतो. मग ती पुन्हा विचारतात. तेव्हा बाई चहा पीत असतात."

"ती दहा मिनिटं..." शिष्य म्हणाला.

"तुझ्या वहीत होती. आपण जिला चोर म्हणतोय ती चोर नाही, हे तुझीच वही सांगत होती. तुझी वही खरी आहे, बाळा. एकही वेळ खोटी नाही. अर्थ तेवढा तू घरून आणलास." त्यांनी बाईंच्या यंत्रावर हात ठेवला. "हे यंत्र अजिबात बोललं नसतं, तर सोमवारी सकाळीच सगळं ठप्प झालं असतं, आणि दुपारपर्यंत तू बिघाड शोधला असतास. ते थोडं थोडं चालवत राहिलं म्हणून तुला बिघाड दिसेना, आणि मग तू माणूस शोधलास. बाई उठल्या की काम बंद पडतं, एवढं तुला दिसलं. म्हणजे त्या बसलेल्या असतात तोवर काम त्यांच्यामुळे चाललेलं असतं, हे मनात सुद्धा आलं नाही."

मग त्यांनी शिष्याला यंत्राच्या बाजूचा तो पिवळा कागद वाचायला सांगितला. शिष्याने तो कित्येकदा पाहिला होता, वाचला कधीच नव्हता. त्यावर जुन्या, टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : 'खुर्चीवरून उठताना यंत्र बंद करून उठावे.'

"अक्षर माझं आहे," गुरू म्हणाले. "तेव्हा वीज सारखी जायची, यंत्रं जळायची. मी बाईंना सांगितलं आणि पुढे विसरलो. त्यांनी एकोणीस वर्षं ते पाळलं. म्हणजे अडकवणारा मी, शिक्षा ठोठावणारे तुम्ही दोघं, आणि घरी कोण बसलंय?"

दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. शिष्याने अकराही यंत्रांत कोठाराचा पत्ता पुन्हा लिहिला, घोलपबाईंचे यंत्र बंद केले, आणि फाइली उघड्याच राहिल्या. दोन आठवड्यांचा त्रास, एका माणसाची जखम आणि एका बाईची अब्रू, एवढ्याला पुरणारी चूक वीस मिनिटांची होती.

व्यापाऱ्याचा जीव भांड्यात पडला. तक्रार द्यायची नाही, बाईंना परत बोलावून घ्या, विषय इथेच संपवू, असे तो म्हणाला. गुरूंनी एकच गोष्ट मागितली. ज्या फलकावर, ज्या आकाराच्या अक्षरात बाईंवर संशय घेतला, त्याच फलकावर, त्याच आकारात तो चुकीचा होता असे लिहावे. व्यापाऱ्याने नकारार्थी मान हलवली. त्याने संस्थेची अब्रू जाते, बाहेरचे लोक येतात-जातात, असे सांगितले. बाईंचा कागद लावताना बाहेरचे लोक येत-जात नव्हते का, हे गुरूंनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ते जिना उतरले. तो जुना कागद मात्र त्याच दिवशी काढण्यात आला. त्या जागी रक्तदान शिबिराचे पत्रक लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरू आणि शिष्य घोलपबाईंच्या घरी गेले. दोन खोल्यांचे घर होते. बाईंनी त्यांना आत घेतले, खुर्च्या दिल्या, पंखा लावला. आदळआपट नाही, रडणे नाही. मला विचाराल तर त्यांनी थोडे रडायला हवे होते. ऐकणाऱ्यांना सोपे गेले असते. शिष्याने सगळी हकिकत सांगितली. पत्ता कसा पुसला गेला, त्यांचे यंत्र कसे सगळ्यांना उत्तर देत होते, दहा मिनिटांचा खुलासा कसा झाला. तो बोलत असताना त्या मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी तो म्हणाला, "बाई, दोष मशीनचा होता. तुमचा नव्हता."

घोलपबाईंनी वर पाहिले. "मशीनने मला चोर म्हटलं नाही," त्या म्हणाल्या.

गुरूंनी हात जोडले आणि तो कागद आपण लिहिला होता, असे सांगितले. त्यावर बाई म्हणाल्या, मला माहीत आहे सर, तुमच्याच अक्षरातला म्हणून तर मी तो कधी काढला नाही. एवढेच. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि गुरूंना तेच सोसवले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

सोमवारपासून या, असे शिष्याने भीत भीत म्हटले. त्या येणार नव्हत्या. का, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. तो फलक जिन्याच्या पायथ्याशी आहे. आता त्यावर काहीही लागलं तरी मला रोज चढताना तेच दिसणार.

मग त्यांनी विचारले, "त्या वायरमनचं नवं माप घेतलं का कुणी?"

कुणी घेतले नव्हते. जखम सुकत आली का ते दाखवायला तो दोनदा येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा त्याला नंतर या म्हणून सांगितले होते, कारण माप घेणारी जागाच रिकामी होती. शिष्याने खरे काय ते सांगितले. बाईंच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली. त्याचं मागचं माप वापरू नका, ते आता शिळं झालंय, एवढे त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

उठताना त्यांचा हात सवयीने भिंतीकडे गेला, आणि त्यांनी पंखा बंद केला. पाहुणे बसलेत हे दाराशी पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले. त्या ओशाळून परत फिरल्या, बटण पुन्हा दाबले आणि आत गेल्या.

गुरूंनी शिष्याकडे पाहिले नाही. पाहण्याची गरज नव्हती. शिष्य भिंतीवरच्या त्या बटणाकडे बघत बसला होता आणि त्याचे डोळे भरले होते. चहा आला, तो दोघांनी घेतला.

त्यानंतर शिष्याने एक काम केले. पुढल्या सोमवारी सकाळी, सगळे यायच्या आधी, त्याने स्वतःच्या हाताने एक कागद लिहून फलकावर लावला : 'घोलपबाईंनी कोणताही अडथळा आणला नव्हता. चूक माझी होती.' खाली सही केली, पूर्ण नावाने. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर तो कागद तिथे नव्हता. कुणी काढला हे त्याने विचारले नाही, कारण आता त्याला 'कुणी' असे विचारण्याचीच धास्ती वाटू लागली होती. चार टाचण्या राहिल्या होत्या, त्या त्याने काढून खिशात टाकल्या. मग त्याने माप घेण्याची फीत मागून घेतली, आणि बाहेर बाकावर कुबड्या टेकून बसलेल्या वायरमनला आत बोलावले. त्याला ते नीट जमले नाही. माप तीनदा घ्यावे लागले.

तुमच्या घरात, कचेरीत एखादी गोष्ट अधूनमधून बिघडत असेल, तर कोण उठल्यावर ती बिघडते, ते जरूर पाहा. पण त्याच्या नावाचा कागद फलकावर लावण्याआधी त्याला एवढे विचारा, की बसलेला असताना तू काय सांभाळत असतोस.